खुंटीवरची बंदूक

त्या साखरपुड्याच्या घरी मी पोचलो तेव्हा चुलाणावर शिरा तसाच शिजत होता. मांडवात माणसं पडली होती आणि चुलाण विझवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. खाली लागलेल्या शिऱ्याचा तो करपट वास इतकी वर्षं झाली तरी नाकातून गेलेला नाही. परवा सुनेनं शिरा केला, मी नको म्हणालो. तिला वाटलं साखर वाढली म्हणून.

मी महाराष्ट्र पोलिसात शिपाई म्हणून लागलो आणि जमादार म्हणून बाहेर पडलो. शाळा सातवीपर्यंत, तीही धड नाही. पण माझा एकही पंचनामा कोर्टात पडला नाही, हे मी कुणापुढेही सांगतो. आता मुलाकडे सिंगापुरात, बुकित पंजांगला असतो. मी कागदावर लिहितो आणि सून ते कॉम्प्युटरवर उतरवते. शुद्धलेखन तिचं, बाकी सगळं माझं.

हे लिहायचं कारण असं की, मागच्या एका रविवारी मुलाचा मित्र बायकोला घेऊन जेवायला आला होता. पुण्याचा मुलगा, इथेच पाया लेबार भागात एका ऑफिसात मॅनेजर आहे. गुणी आहे, आला की आधी माझ्या पाया पडतो. कंपनी त्याला आता पश्चिमेकडच्या एका देशात पाठवते आहे, आणि त्याच देशात एका माणसानं मॉलमध्ये शिरून गोळ्या झाडल्याची बातमी टीव्हीवर चालू होती. पडद्यावर चार शहाणे भांडत होते. एक म्हणे बंदुका बंद करा, दुसरा म्हणे बंदूक मारत नाही, माणूस मारतो.

मित्र म्हणाला, "काका, तिथे शेजाऱ्याकडे असते, समोरच्याकडे असते. मग आपल्याकडेच का नको? मी तर घेणार. कुलपात ठेवीन."

त्याची बायको म्हणाली, "घे. मग त्या घरात तू आणि बंदूक राहा. मी आणि पिल्लू इथेच बरे."

"अगं, तुमच्याचसाठी ना!"

माझी नात मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाली, "अंकल, इथे गन झाडली तर थेट हँग करतात. डोन्ट प्ले प्ले लाह." म्हणजे इथल्या भाषेत, ही थट्टा नाही.

सगळे हसले. मी म्हणालो, "थांबा, मी एक केस सांगतो." तेवढ्यात सुनेनं पानं घेतली, बोलणं शाळेच्या ॲडमिशनवर गेलं आणि माझी केस तोंडातच राहिली. त्या पोराचं जायचं ठरलं आहे. तो जायच्या आत हे त्याच्या हातात पडावं म्हणून लिहितो आहे. नावं सांगणार नाही, गावंही नाही. ज्यांचं गेलं त्यांची माणसं अजून तिथेच नांदतात.

तेव्हा मी एका डोंगराळ तालुक्यात हवालदार होतो. दसरा होऊन थोडेच दिवस झाले होते. दुपारी ठाण्यात निरोप आला की अमुक गावात साखरपुड्यात गोळीबार झाला. फौजदार साहेब, मी आणि दोन शिपाई, असे जीपने निघालो. पोचलो तेव्हा तीन माणसं गेलेली होती: मुलीचा बाप, मुलीचा चुलता आणि पाहुण्यांपैकी एक म्हातारा, ज्याचा या भानगडीशी सुतराम संबंध नव्हता. तो फक्त पुढच्या रांगेत बसला होता.

मारणारा कोण, याला तपास लागलाच नाही. त्या घरचाच थोरला जावई. बायको भांडून माहेरी आली होती आणि दोन महिने परत गेली नव्हती. धाकटीच्या साखरपुड्याला याला बोलावणं नव्हतं. तो बंदूक घेऊन आला, झाडली आणि मागच्या उसात पळाला. बायको मागं चुलीपाशी होती म्हणून वाचली. संध्याकाळच्या आत तो आम्हाला त्याच्याच गावात, त्याच्याच खळ्यावर बसलेला सापडला. बेड्या घालताना हात त्यानंच पुढे केले. बंदूक उसात मिळाली. बारा बोअरची, दुनळी, परवान्याची.

परवाना निघाला त्याच्या गावातल्या एका म्हाताऱ्या बागायतदाराच्या नावावर. गाव त्यांना तात्या म्हणायचं, मीही तेच म्हणतो. शेतीसंरक्षणाचा परवाना होता. त्या भागात रानडुकरं फार, रात्रीत मक्याचं वावर लोळवून जातात, म्हणून सरकार असे परवाने देतं. घर माळकरी, घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं, पण बंदूक वडिलांपासूनची होती आणि मानाची होती.

तात्या स्वतः ठाण्यात आले. पांढरं धोतर, टोपी, हातात परवाना. म्हणाले, "बंदूक चोरीला गेली. मी तालुक्याला दातांच्या डॉक्टरकडं गेलो होतो. मागं कवा गेली म्हाईत न्हाई."

साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. आरोपी हातात होता, हत्यार हातात होतं, बघणारे साक्षीदार मांडवभर होते. चोरीचं एक कलम वाढवलं की काम संपलं. साहेब वाईट नव्हते, पण त्यांना ते संपवायचं होतं.

मला ते पटेना. मला एखादी गोष्ट पटली नाही की मी बैलासारखा रुततो. बायको जिवंत होती तोवर हेच म्हणायची.

मी घराच्या पंचनाम्याला गेलो. माजघरात भिंतीला दोन खुंट्या होत्या, त्यावर बंदूक आडवी असायची. खंडेनवमीला तिची पूजा झालेली. झेंडूचा हार वाळला होता, पण तो डावीकडच्या खुंटीला नीट अडकवलेला होता. मी बराच वेळ त्या हाराकडे बघत उभा राहिलो. चोर बंदूक ओढतो, हार तुटतो, पाकळ्या सांडतात. पूजेचा हार हळूच काढून खुंटीला लावायचं भान चोराला नसतं. ते घरच्या माणसाला असतं, त्यातही बाईमाणसाला.

पण हारावर केस उभी राहत नाही. कोर्टात वकील हसला असता.

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडजवळच्या चहावाल्यानं मला हाताला धरून मागं नेलं. चहावाले आणि न्हावी हे पोलिसांचे कान, हे मी नव्या शिपायांना कायम सांगायचो. तो म्हणाला, "हवालदार, चोरी कसली घेऊन बसलाय? ती बंदूक गावाची हाय. डुकरं आली की ज्याला पायजे तो नेतो, दोन दिवसांनी परत आणून लावतो. तात्यांना कुठं दिसतंय नेम धरायला?"

"आणि तात्या देतात?"

"न्हाई म्हणणार हायेत का? शिडी मागितली तर देत न्हाई का आपण?"

असं होतं बघा. परवाना एकाचा आणि बंदूक शिडीसारखी गावभर. आर्म्स ॲक्टप्रमाणे परवाना नसलेल्याच्या हातात हत्यार देणं हा गुन्हा आहे, हे त्या गावात एकालाही वाटत नव्हतं. उलट न देणारा हलकट ठरला असता.

मी तात्यांना ठाण्यात बोलावलं. साहेबांनी नाखुशीनंच परवानगी दिली. मी हात उगारणारा पोलीस नव्हतो. माझी पद्धत वेगळी होती. समोरच्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि तेच तेच विचारायचं. खरं बोलणारा माणूस चिडतो आणि दर वेळी थोडं वेगळं सांगतो. खोटं पाठ केलेला माणूस शब्द हलवत नाही.

तात्यांचा शब्द हलला नाही. "चोरीला गेली."

"काडतुसं कुठं असतात?"

"लाकडी पेटीत. कुलपात."

"कुलूप फोडलं का?"

"न्हाई."

"मग काडतुसं कशी गेली?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते पण मान ताठ होती. "हवालदार, मी म्हातारा माणूस. मला काय करायचं ते करा. पण चोरीला गेली, हेच मी मरंपर्यंत सांगनार."

मग मी आरोपीकडे गेलो. तो कोठडीत भिंतीकडे तोंड करून असायचा. त्याला म्हणालो, "तात्यांनी दिली का बंदूक?" तर ज्या माणसानं तीन मुडदे पाडल्यावर एक अक्षर काढलं नव्हतं, तो झटक्यात उठून गजापाशी आला. "कुनी दिली न्हाई. म्या चोरली. लिवा. म्या चोरली."

मी तिथेच समजलो. दोन माणसं, एक साधा आणि एक खुनी, एकमेकांशी न बोलता एकच खोटं सांगत होती. म्हणजे दोघंही तिसऱ्या कुणाला तरी झाकत होती.

मी परत तात्यांच्या घरी गेलो. तात्या घरी नव्हते, ते मला माहीत होतं, म्हणूनच गेलो. ओसरीवर त्यांची बायको बसली होती, गाव त्यांना काकू म्हणायचं. पुढ्यात पाटी होती, पाटीत ओल्या भुईमुगाच्या शेंगा, आणि त्या एकेक फोडून दाणे काढत होत्या. मी शेतकऱ्याचा मुलगा. त्या घराचं सगळं शिवार मी पंचनाम्याच्या दिवशी बघितलं होतं, ऊस आणि मका. भुईमुगाचं एक रोप नव्हतं.

मी खाली बसलो, मूठभर शेंगा घेतल्या. "काकू, शेंगा गोड आहेत. कुणाच्या रानातल्या?"

"त्यानंच आणून दिल्या की," काकू म्हणाल्या. "बंदूक न्यायला आला तवा. रिकाम्या हातानं कसा येईल? आमच्यात मटान चालत न्हाई, म्हून समदे शेंगा न्हाईतर कनसं..."

आणि थांबल्या. हातातली शेंग तशीच राहिली.

तपासात याला धागा लागला म्हणतात. साहेब नंतर पाठ थोपटतात. त्या ओसरीवर मी मात्र हातातल्या शेंगा पाटीत परत ठेवल्या.

मी म्हणालो, "काकू, तुम्ही दिलीत?"

"व्हय. तात्या तालुक्याला गेले हुते. हार काढून ठेवला. किल्ली माज्याच कमरंला असती, काडतुसं काढून दिली."

"त्याच्या घरात काय चाललं होतं ते तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"समद्या गावाला ठाऊक हुतं."

"मग?"

काकूंनी पदरानं तोंड पुसलं नाही, रडल्या नाहीत. सरळ सांगितलं. "बायकू गेल्यापास्नं त्यानं रानात पाय टाकला नव्हता. गवात कमरंएवढं झालं. जेवायचा न्हाई, कुनाशी बोलायचा न्हाई. त्या दिशी दारात आला, हातात ह्या शेंगा. म्हनला, काकू, डुकरं लई लागल्यात, राखनीला जातो. मला एवढं बरं वाटलं, हवालदार! म्हटलं पोरगं रानात गेलं, आता मानसात येईल. भाकरीसुद्धा बांधून दिली त्याला."

मी जबाब लिहून घेतला. वाचून दाखवला. त्यांनी अंगठा दिला. मग विचारलं, "माज्यामुळं मेली का हो ती मानसं?" मी म्हणालो, "मारणारा तो आहे, काकू." त्या म्हणाल्या, "मी ते इचारलं न्हाई."

तात्या आणि काकू दोघांवर आरोपपत्र गेलं. गाव माझ्यावर थुंकायचं बाकी राहिलं. साहेबसुद्धा म्हणाले, "हवालदार, म्हातारीला सोडून दिलं असतं तर आभाळ कोसळलं असतं का?" मी म्हणालो, "साहेब, आज हे चोरी म्हणून लिहिलं तर उद्या गावातली दुसरी बंदूक अशीच शेंगांच्या पाटीवर जाईल." मी केलं ते बरोबर केलं, आजही तेच म्हणतो. पण बरोबर केलेल्या गोष्टीनं झोप लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी पोलिसात नोकरी केलेली नसते.

या जबाबामुळे एक मात्र झालं. साहेबांनी भागातल्या सगळ्या परवानाधारकांना चावडीत बोलावलं आणि विनंती केली की काही काळ बंदुका ठाण्यात जमा करा, निवडणुकीला करता तशा. डुकरांच्या बंदोबस्तासाठी वनखात्याकडे आपण मिळून मागणी करू. परवा टीव्हीवर ते चार शहाणे भांडत होते ना, त्यातलं एकही वाक्य मला नवीन नव्हतं. चावडीत सगळं ऐकून झालं होतं.

"एकाचं टकुरं फिरलं, शिक्षा समद्यांना का?"

"डुकरं काय साहेब येऊन हाकलनार?"

"दरोडेखोर काय परवाना काढून येतोय व्हय? त्याच्याकडं असनारच, आमच्याकडं नसंल!"

"ज्याला मारायचं तो कोयत्यानं मारतो!"

या शेवटच्यावर फार माना डोलल्या. तेव्हा मागच्या दारापाशी उभ्या असलेल्या काकू बोलल्या. जामिनावर होत्या. त्या चावडीत बाई कधी बोलली नव्हती.

"कोयता घिऊन गेला असता, खरं हाय," त्या म्हणाल्या. "पर मांडवात एवढे बापे हुते. एकानं तरी हात धरला असता. एकांदा जखमी झाला असता, आन् दुसऱ्या दिशी ह्या जावयाच्या बायकूनंच ह्याच्या तोंडात मारली असती. आज ती मानसं हायेत का? लांबनं मारतं त्याला कुनी हात धरायचा?"

दोघा-तिघांनी बंदुका जमा केल्या. बाकीचे म्हणाले विचार करून सांगतो. महिनाभरात ते दोघे-तिघेही अर्ज करून आपापली बंदूक घेऊन गेले. कायद्यानं त्यांची होती, द्यावी लागली. प्रत्येक जण मला बाजूला घेऊन एकच सांगायचा, "आमचं तसं न्हाई हो हवालदार, आमच्या घरात समदे सरळ हायेत."

खटला चालला. जावयाला जन्मठेप झाली. तात्यांना थोडी शिक्षा झाली, ती भोगून आले आणि लवकरच गेले. काकूंना वय बघून कोर्टानं चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. बंदूक सरकारजमा झाली. माझ्या मनानं मी ती केस तिथे बंद केली.

पुढे काही वर्षांनी, मी जमादार झाल्यावर, माझ्याकडे एक चौकशी आली. काकूंच्या मुलानं नव्या परवान्याचा अर्ज केला होता. तो शहरात नोकरीला होता, आता गावी परत आला होता. कारण शेतीसंरक्षण. मी चौकशीला गेलो. मुलगा मोकळा माणूस होता, म्हणाला, "जमादारसाहेब, आईनं अडाणीपणानं दिली. मी देणार नाही. लोखंडी कपाट घेतलंय. आणि खरं सांगू? आजोबांपासून या घरात बंदूक होती. आता लोक विचारतात."

मी काकूंना विचारलं. त्या मुलासमोरच म्हणाल्या, "नगं म्हणून लिवा."

मी लिहिलं. घरातल्या माणसाचा विरोध आहे, पूर्वीचा गुन्हा आहे, परवाना देऊ नये अशी शिफारस आहे. माझ्या हस्ताक्षरात, स्पष्ट. वरून फोन आला की जरा सौम्य लिहा. मी शब्द बदलला नाही. पण मी जमादार. माझ्या शिफारशीवर कुणाची तरी दुसरी शिफारस बसली, मुलगा अपिलात गेला, आणि परवाना मिळाला. यात बेकायदा काही नव्हतं. मुलगा चांगला होता, गुन्हा त्याचा नव्हता, डुकरं खरी होती. प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबर होता.

या केसनं काय शिकवलं? मला वाटायचं पोलिसाचं काम वाईट माणूस शोधायचं. त्या प्रकरणात वाईट माणूस पहिल्या संध्याकाळीच खळ्यावर बसलेला मिळाला, पण त्याला धरून काहीच सुटलं नाही. बाकी सगळी भली माणसं होती. मागितली तर देणारी, रुसलेलं पोर कामाला लागलं म्हणून आनंदानं भाकरी बांधणारी, बायकोसाठी खोटं बोलून तुरुंगात जायला तयार होणारी. बंदूक वाईट माणसाच्या हातात जाऊ नये म्हणून सगळे भांडतात. पण ती तिथे जाते ती बहुतेक वेळा भल्या माणसाच्या घरातून, आणि मायेनं. कुलपाची किल्लीही मायेच्याच माणसाच्या कमरेला असते. इथे सिंगापुरात मी पोलिसाच्या कमरेला पिस्तूल बघतो, घरात मात्र कुणाच्याच नाही, आणि त्यानं कुणाचं काही अडल्याचं मला दिसत नाही. नात हसत बोलली, पण तो कायदा करणारा कुणी तरी एके काळी हट्टानं बसला असेल आणि त्यालाही लोकांनी हेच म्हटलं असेल, की आमच्या घरात सगळे सरळ आहेत. आमच्याकडे तेवढा हट्ट एका जमादाराजवळ होता. तो पुरला नाही.

त्यानंतर एकदा यात्रेच्या बंदोबस्तासाठी मी त्या गावी गेलो. काकूंना भेटून यावं म्हणून त्यांच्या घराकडे वळलो. फार थकल्या होत्या. माजघरात झोपत नव्हत्या, ओसरीवरच अंथरूण होतं. मुलानं चहा दिला, नवी बंदूक दाखवतो म्हणाला, मी नको म्हणालो. तो आत गेल्यावर काकूंनी मला जवळ बसायला सांगितलं. रागानं नाही, अगदी हळू, माहिती विचारावी तसं विचारलं.

"जमादार, तुम्ही माज्या तोंडून खरं काढून घेतलं. चांगलं केलं. पर ते खरं तुम्ही घिऊन गेला, आन् मंग त्याचं तुम्ही लोकांनी काय केलं?"

मी चहा संपवला आणि बंदोबस्ताला गेलो.